मैद्याची उकड आणि मऊ बन: सगळा हिशेब पाण्याचा

घरी केलेला बर्गरचा बन ओव्हनमधून निघतो तेव्हा छान असतो. संध्याकाळी तो घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापायला घेतला की भुगा पडतो. असं झालं की आपण पुढच्या वेळी यीस्ट वाढवतो, नाहीतर लोणी वाढवतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. यीस्ट वाढवल्याने बन लवकर फुगतो, पण मऊ राहत नाही. वर त्याला आंबूस वास येतो. मऊपणाचं मूळ पाण्यात आहे. पिठात पाणी किती गेलं, ते कोणी धरून ठेवलं, भाजताना किती उडालं आणि भाजून झाल्यावर बनच्या आतल्या आत ते कुठे सरकलं, एवढं समजलं की कृती पाठ करावी लागत नाही. बन बिघडला तर कुठे बिघडला तेही आपलं आपल्याला कळतं.

मैद्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे स्टार्च, तो ७० टक्क्यांच्या वर असतो. दुसरी प्रथिनं, आपल्याकडच्या मैद्यात साधारण ९ ते ११ टक्के. या प्रथिनांत ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन असे दोन प्रकार असतात. पाणी मिळालं आणि हात चालला की ते एकमेकांत गुंतून जाळं विणतात. ते जाळं म्हणजे ग्लुटेन. त्यातल्या एकामुळे पीठ ओढलं की परत आखडतं, दुसऱ्यामुळे ते न तुटता लांबतं.

पुरणपोळी करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. पोळीची कणीक ती सैल भिजवते, तेल-पाण्याचा हात लावून तिंबते आणि तासभर मुरू देते. मग त्या कणकेची लाटी बोटांनी ओढली तर तुटत नाही, पातळ पापुद्रा होत जाते, आणि दुप्पट पुरण पोटात घेऊनही फाटत नाही. बनच्या कणकेकडून आपल्याला हेच हवं असतं. फरक इतकाच की इथे पुरणाच्या जागी वायू असतो. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो हजारो बारीक फुग्यांत अडकतो, आणि त्या फुग्यांची भिंत म्हणजे ग्लुटेनचा पापुद्रा. पापुद्रा जितका पातळ ताणला जाईल तितका बन हलका. पापुद्रा कच्चा असेल तर फुगे फुटून एकत्र होतात आणि बन दडस बसतो. म्हणून मऊ बनसाठी कणीक आधी बळकट व्हावी लागते. मऊ हवा म्हणून कमी मळलेला बन कधीच मऊ होत नाही.

आता लोणी कधी घालायचं, तेही यातूनच कळतं. करंजी किंवा शंकरपाळ्यांना आपण मोहन पाणी घालण्याआधी पिठाला चोळतो. तूप पिठाच्या कणांवर चढतं, प्रथिनांपर्यंत पाणी नीट पोचत नाही, जाळं विणलं जात नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. बनला खुसखुशीतपणा नको आहे. म्हणून इथे क्रम उलटा: आधी पाणी, मग मळणं, जाळं तयार झाल्यावर लोणी. उशिरा आलेलं लोणी त्या जाळ्याला वंगण देतं, पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात, कणीक जास्त ताणली जाते. तेच लोणी, तेवढंच लोणी, पण आधी घातलं तर शंकरपाळे आणि नंतर घातलं तर बन. मला स्वयंपाकातल्या फार थोड्या गोष्टींनी इतका आनंद दिला आहे.

चिकटते ती कणीक बरोबर आहे

घरचे बहुतेक बन बिघडतात ते पहिल्या पाच मिनिटांत. कणीक हाताला, परातीला, ओट्याला चिकटते, जीव घाबरतो आणि आपण वरून मैदा भुरभुरत जातो. अशी मूठ-दीड मूठ गेली की पाण्याचं प्रमाण बिघडलंच. चपातीच्या कणकेचा हाताला झालेला सराव इथे आड येतो, कारण चपातीची कणीक लाटायची असते, बनची कणीक फुगायची असते.

चिकटपणा जायला मैदा लागत नाही, वेळ लागतो. सगळं नुसतं कालवून, झाकून २० मिनिटं ठेवून द्या. प्रथिनं तेवढ्यात पाणी शोषून घेतात आणि मळायच्या आधीच निम्मं जाळं तयार होतं. कणीक भिजवून मुरत ठेवायची आपली रीत हीच आहे. त्यानंतर मळायला घेतलेली कणीक पाच-सात मिनिटांत हाताला सोडू लागते. अगदीच चिकटली तर हाताला पाण्याचा किंवा दुधाचा पुसट हात लावा, मैद्याचा नको.

यासाठीच मैदा वजनावर घ्या. वाटीने मोजण्यात घोटाळा असतो. पिशवीत दाबून भरलेली मोठी कपभर वाटी १५० ग्रॅम भरते आणि चाळून अलगद भरलेली तीच वाटी १२० ग्रॅमच्या आसपास. तीन वाट्यांमागे ९० ग्रॅमचा फरक पडला की एकाच कृतीचे दोन वेगळे पदार्थ होतात. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा हे बन करणाऱ्याचं ओव्हनच्याही आधीचं साधन आहे, असं माझं ठाम मत आहे.

मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते लिहिलेलं असतं. ते बघायची सवय लावा. १०.५ ते ११ असेल तर उत्तम. त्याहून कमी असेल तर ४०० ग्रॅम मैद्यात ८ ग्रॅम ग्लुटेन पावडर मिसळली की प्रथिनं साधारण दीड टक्क्याने वाढतात, तेवढं पुरतं.

उकड

पाणी जास्त घालायचं, तर ते धरून कोण ठेवणार? ग्लुटेनची एक मर्यादा आहे. ती ओलांडली की कणकेचं सरबरीत पीठ होतं आणि बन पसरतो. इथे आपल्या मदतीला येतो स्टार्च.

थंड पाण्यात स्टार्चचा कण घट्ट मिटलेला असतो. तो स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी पाणी घेतो. पण पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की कणाची घडी उलगडते, तो फुगतो आणि आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पोटात घेऊन बसतो. हे पाणी मग सहजासहजी सुटत नाही.

कोकणात कोणालाही विचारा, हे ज्ञान घरोघरी आहे. तांदळात ग्लुटेन नाही. थंड पाण्यात भिजवलेल्या तांदळाच्या पिठाची मोदकाची पारी वळताच येणार नाही. म्हणून उकळत्या पाण्यात पीठ घालून वाफ काढतात, आणि त्या उकडीची पारी पातळ होते, मऊ राहते. देशावर ज्वारीचं पीठ जुनं झालं, त्याची विरी म्हणजे चिकटपणा गेला, की भाकरी थापताना चिरते. मग आधणाचं पाणी घालून पीठ मळतात. दोन्हीकडे काम करतो तो गरम पाण्याने फुललेला स्टार्च.

पूर्व आशियातल्या बेकरीवाल्यांनी हीच युक्ती गव्हाच्या पावाला लावली. जपानात युदाने करतात: मैद्याइतकंच उकळतं पाणी त्यावर ओतून घट्ट गोळा करायचा. चिनी बेकरीत टँगझाँग करतात: एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी किंवा दूध मंद आचेवर ढवळत पेजेसारखं शिजवायचं. नाव काहीही असो, आपल्या भाषेत ती मैद्याची उकड. एकूण मैद्यातला फक्त ५ ते ७ टक्के मैदा असा शिजवून घेतला तरी कणकेत बरंच जास्त पाणी मावतं आणि तरी ती हाताळता येते. ते पाणी भाजतानाही कमी उडतं. माझ्या बनचा दुसरा दिवस सुधारला तो या उकडीने. यीस्ट, लोणी, अंडी, दूध पावडर असं सगळं आलटून पालटून करून पाहिल्यावर मी हे सांगते आहे.

आता प्रमाण. आठ बनसाठी एकूण ४०० ग्रॅम मैदा घ्या. त्यातला २५ ग्रॅम बाजूला काढून १२५ ग्रॅम दुधात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. कालथा फिरवल्यावर तळाला क्षणभर रेघ उमटू लागली की उकड झाली. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. ती झाकून पूर्ण गार होऊ द्या. गरम उकडीत यीस्ट पडलं तर मरतं, आणि मग पुढच्या कशालाच अर्थ उरत नाही.

उरलेल्या ३७५ ग्रॅम मैद्यात ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४० ग्रॅम साखर आणि ७ ग्रॅम मीठ मिसळा. त्यात गार उकड, एक अंडं आणि ११० ग्रॅम दूध घालून कालवा, झाकून २० मिनिटं ठेवा. अंडं नको असेल तर त्याऐवजी ४५ ग्रॅम दूध जास्त घाला. बन किंचित कमी पिवळसर दिसेल, मऊपणात फार फरक पडणार नाही. मग १० मिनिटं मळा आणि ५० ग्रॅम मऊ लोणी तीन वेळा विभागून त्यात जिरवा. लोणी घातल्यावर कणीक फाटल्यासारखी, ओशट, विस्कटलेली होते. इथे बरेच जण हात टेकतात. मळत राहा, चार-पाच मिनिटांत ती परत एकजीव होते आणि आधीपेक्षा रेशमी होते. बाजारचं पिवळं खारं बटर वापरणार असाल तर मीठ ग्रॅमभर कमी करा.

झाली का हे बघायला लिंबाएवढा गोळा घ्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. उजेडाकडे धरल्यावर पलीकडची बोटं दिसावीत इतका पापुद्रा न फाटता झाला की मळणं थांबवा.

या यादीतल्या प्रत्येकाचं पाण्याशी काही ना काही नातं आहे. साखर पाणी ओढून धरते, म्हणून बन ओलसर राहतो. पण मैद्याच्या १० टक्क्यांच्या फार पुढे गेलात तर ती यीस्टच्या पेशींतलंही पाणी ओढते आणि फुगणं मंदावतं. मीठ ग्लुटेनला घट्ट करतं. अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं, ते पाणी आणि लोणी एकत्र नांदवतं. दुधातली लॅक्टोज साखर यीस्टला खाता येत नाही, ती शिल्लक राहते आणि भाजताना प्रथिनांशी मिळून बनला तांबूस रंग देते. १९१२ साली लुई मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. परदेशी कृतींत दूध आधी उकळीच्या जवळ तापवून गार करायला सांगतात, कारण न तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेन सैल करतात. आपल्या घरी दूध आल्या आल्या तापतंच, त्यामुळे ती पायरी आपण आपसूक पार करतो.

घड्याळ नको, कणीक बघा

कृतीत 'एक तास फुगू द्या' लिहिलेलं असतं. तो तास कुठला? नागपूरच्या मे महिन्यातला की नाशिकच्या डिसेंबरातला? यीस्टला २६ ते ३० अंश मानवतं. उन्हाळ्यात आपलं स्वयंपाकघर ३५ अंशांवर असतं, तिथे कणीक ४० मिनिटांतच दुप्पट होते. तासभर ठेवली तर जाळं दमतं, आंबूस वास येतो आणि बन ओव्हनमध्ये बसतो. उन्हाळ्यात दूध फ्रिजमधलं गार घ्या. थंडीत कोमट घ्या आणि कणीक दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवा. इडलीचं पीठ थंडीत उबेला ठेवतो तसंच.

दुप्पट झाली की हलक्या हाताने वायू काढून साधारण ९५ ग्रॅमचे आठ गोळे करा. गोळा वळताना कडा खाली ओढून तळाशी मिटवा आणि हाताची वाटी करून ओट्यावर फिरवा, म्हणजे वरचा पृष्ठभाग ताणला जाईल. हा ताण नसेल तर बन वर न जाता आडवा पसरतो. दहा मिनिटं विसावा देऊन तळहाताने आठ-नऊ सेंटिमीटरची चकती होईल इतपत दाबा.

ट्रेमध्ये कसे ठेवता यावरही मऊपणा ठरतो. लांब लांब ठेवले तर चारही बाजूंनी कवच धरतं आणि बन गोल, देखणा होतो. जवळ ठेवले तर फुगून एकमेकांना चिकटतात, बाजू भाजल्याच जात नाहीत आणि पांढऱ्या, कापसासारख्या राहतात. आपला लादीपाव असाच होतो. वडापावचा पाव बाजूंनी इतका मऊ असतो तो या शेजारामुळे. पाव शब्द पोर्तुगिजांच्या पांव वरून आला. गोव्यात पाव भाजणारा पोदेर पूर्वी कणीक आंबवायला माडाचा आंबलेला रस, म्हणजे सूर, वापरायचा. तिथे अजूनही सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर मऊ पावाबरोबर कडक कवचाचा उंडोही देतो. मी बर्गरसाठीही बन दोन-दोन बोटांच्या अंतरावर ठेवते, म्हणजे फुगल्यावर जेमतेम टेकतात.

दुसऱ्यांदा फुगायला ४० ते ५० मिनिटं. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश भरून आला तर ओव्हनची वेळ झाली, भरलाच नाही तर उशीर झाला.

ओव्हनमधली पंधरा मिनिटं

बन गरम झाला की सुरुवातीला यीस्ट जोरात काम करतं, वायू प्रसरण पावतो आणि बन उंच चढतो. ५५ ते ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. त्याच सुमारास कणकेतल्या कच्च्या स्टार्चची उकड होऊ लागते. त्याला पाणी हवं असतं आणि ते तो ग्लुटेनकडून घेतो. पाणी गमावलेलं ग्लुटेन ताठ होतं आणि आकार कायम राहतो. म्हणजे भाजताना बनच्या आत पाण्याचे मालक बदलतात. यानंतर ओव्हनमध्ये गेलेलं प्रत्येक मिनिट नुसतं पाणी उडवण्यात जातं.

म्हणून छोटा बन चांगल्या आचेवर, थोडा वेळ भाजायचा. मंद आचेवर अर्धा तास ठेवलेला बन आतून वाळतो. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १९० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, बनवर दुधाचा किंवा अंड्याचा हात फिरवा, तीळ लावा, मधल्या खणात १४ ते १६ मिनिटं भाजा. ओटीजीच्या खटक्यावरचे अंश बरेचदा खरे नसतात. पाच-सातशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत ठेवला की कळतं. टोचायचा थर्मामीटर असेल तर बनच्या मध्यभागी ९० अंश आले की झालं.

बाहेर काढल्यावर लगेच लोण्याचा हात लावा, जाळीवर ठेवा आणि सुती कापड झाका. आतली वाफ बाहेर पडताना वरचं कवच मऊ करते. पाच मिनिटांपूर्वी टणक वाटलेला बन तेवढ्यात हाताखाली दबू लागतो.

शिळं होणं म्हणजे वाळणं नाही

आपण समजतो की पाणी उडालं म्हणून पाव कडक झाला. १८५२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो याने दाखवलं की पाणी जाऊ न देता बंद ठेवलेला पावही शिळा होतो, आणि परत गरम केला की ताजा होतो. पाणी आतच होतं. भाजताना उलगडलेल्या स्टार्चच्या साखळ्या गार झाल्यावर परत एकमेकींना बिलगून घट्ट रचना करतात. रात्रीचा भात फ्रिजमध्ये सुटा आणि टणक होतो आणि वाफवला की पुन्हा मऊ होतो, तीच ही गोष्ट.

ही क्रिया शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगात चालते. बन फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे त्याला लवकर शिळं करणं. उकड, साखर, लोणी या सगळ्यांनी ती क्रिया मंदावते, थांबत नाही. बाजारचे बन आठवडाभर मऊ राहतात ते पाणी आणि चरबी एकत्र बांधणाऱ्या इमल्सिफायरमुळे आणि स्टार्चच्या साखळ्या आखूड करणाऱ्या एन्झाइममुळे. पाव फुगीर दिसावा म्हणून वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट मात्र आरोग्याच्या कारणावरून आपल्याकडे २०१६ साली बंद झालं. घरच्या बनला यांतलं काहीच लागत नाही, कारण त्याला आठवडाभर दुकानात बसायचं नसतं.

दोन दिवसांत संपणारे बन पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात बाहेरच ठेवा. पावसाळ्यात मात्र दीड दिवसावर नेऊ नका, बुरशी धरते. बाकीचे त्याच दिवशी मधोमध कापून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये टाका. तिथे पाणी गोठतं, स्टार्चच्या साखळ्यांना हलायला जागा राहत नाही, आणि महिनाभर बन जवळजवळ तसाच राहतो. हवा तेव्हा बाहेर काढा, अर्ध्या तासाने तवा मंद तापवून कापलेली बाजू लोण्यावर ठेवा, कडेने दोन थेंब पाणी सोडा आणि मिनिटभर झाकण घाला.